ट्यूबलेस केलं, पण सकाळी चाक सपाट. कुठं चुकलं?

वडगावकर_२९:
नमस्कार मंडळी. सायकल एमटीबी (डोंगरातली) हाय, २९ इंची चाकं, टायर २.२५ इंची, रिमवर ट्यूबलेस रेडी छापलेलं हाय. जांबोटी रोडला बाभळीच्या काट्यांनी दोन महिन्यांत चार पंक्चर काढली, म्हणून म्हटलं घरीच ट्यूबलेस करूया. तारांची भोकं झाकायची रिम टेप मागवायचा कंटाळा केला आणि लाईटवाल्याची काळी टेप घरात होती तीच दोन वेढे मारली. पुढचा टायर रिमवर कसाबसा बसला पण मागचा काय बसेना, उभ्या पंपानं हवा मारून मारून हात गेले. शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडं नेलं, तो चाक उलटंसुलटं करून "ट्यूब इल्लेन्री?" (ट्यूबच नाही काय?) म्हणून हसायलाच लागला. माझा वॉल्व बारीक, प्रेस्टा जातीचा, त्याचा ॲडॅप्टर मीच नेला होता, कॉम्प्रेसर लावल्यावर फाट फाट आवाज येऊन टायर बसला. सीलंट, म्हणजे भोक बुजवायचं ते पांढरं दूध, ६० मिली घातलंय. आज सकाळी बघतोय तर चाक सपाट आणि तारा रिमला बसतात त्या निपलजवळ तेच दूध आलंय. अजून सीलंट घालू काय?

घाटवाट_खानापूर:
नको रे भावा, बाटली रिकामी होईल पण हवा थांबायची नाही. दूध कुठनं येतंय त्यावरनंच कळतं. टायरच्या कडेनं आलं तर कड नीट बसलेली नाही, वॉल्वजवळ आलं तर नट ढिला नाहीतर रबर वाकडं, आणि निपलमधनं आलं म्हणजे टेप गेली. काळी टेप ताणते, तिचा गम पातळ होतो, आतल्या हवेनं ती तारांच्या भोकात दबत जाते आणि कडेनं वाट मिळाली की संपलं.

सगळं काढ. जुना गम स्पिरिटनं पूस, रिम कोरडी होऊ दे. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २-३ मिमी जास्त रुंद घे. वॉल्वच्या भोकाच्या थोडं अलीकडनं सुरू करून चांगली ओढून लाव, भोक ओलांडून वीतभर पुढं नेऊन मग काप. खरी गंमत इथं हाय, एवढं करून नुसती ट्यूब घालून टायर चढव आणि रात्रभर फुगवून ठेव, टेप रिमला अशी चिकटते की बघत राहशील. ट्यूब घालायच्या आधी टेपला वॉल्वचं भोक पाडशील ते ब्लेडनं नको, चीर पुढं फाटत जाते. दाभण तापवून टोच, कड वितळून गोल भोक पडतं. आणि २.२५ला ६० मिली कमीच, मी १०० घालतो.

निपाणीचा_डबलसीट:
एवढा खटाटोप कशाला मर्दा. गावातल्या गावात फिरणार असशील तर ट्यूबच बरी, दहा मिनिटांत पंक्चर निघतं. सीलंट वाळतं म्हणून दोन-तीन महिन्यांनी बघावं लागतं, उन्हाळ्यात आणखी लवकर. मी विसरलो, टायर उघडला तर आत नुसती रबराची साल. काट्यांचा रस्ता रोजचा असेल तर मात्र ट्यूबलेस घे, तिथं मी काय बोलत नाही.

राजहंसगड_चढणारा:
कॉम्प्रेसरला दरवेळी जायला नको. ती रात्रभरची ट्यूब काढताना टायरची एकच बाजू सोडव, दुसरी बसलेलीच राहू दे. मग वॉल्वमधली सुई काढून, कडेला साबणाचं पाणी लावून जोरात पंप मार, हवा भसकन आत जाते. आवाज आला की सुई परत बसव. रिमवर आणि टायरवर जे प्रेशर छापलंय त्यातलं कमी असेल त्याच्या वर जायचं नाही. कोल्ड्रिंकच्या बाटलीची टाकी करायचे व्हिडिओ फिरतात, त्या नादाला लागू नको, फुटली म्हणजे थेट तोंडावर. शेवटी सीलंट सगळ्या कडेला लागावं म्हणून बादलीवर चाक आडवं ठेवून दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं.

वडगावकर_२९:
मंडळी, झालं! टेप आली शनिवारी. घाटवाट, तुझं ते रात्रभर ट्यूब ठेवायचं लई कामी आलं, आणि एक बाजू बसलेली असल्यामुळं उभ्या पंपानंच टायर बसला, पंक्चरवाल्याला तोंड दाखवायची पाळी आली नाही. चार दिवस झाले, हवा तेवढीच हाय. पुढच्या चाकात अजून काळीच टेप हाय, ती या रविवारी.

फक्त दाभण आईच्या गोधडीच्या डब्यातली होती. गॅसवर तापवताना सापडलो, आता टोक काळं झालंय म्हणून नवीन आणून दे म्हणतीय.

घाटवाट_खानापूर:
दोन आण. पुढचं चाक राहिलंय अजून.