नऊ दिवसांची घरगुती ‘शरीरशुद्धी’: फवारणीचे विष खरेच बाहेर पडते का?

प्रश्न – द्राक्षवाल्यांची सून (इंदिरानगर, नाशिक)

प्रश्न माझ्या सासऱ्यांविषयी आहे. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. वय ६३, निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षबाग, आणि तरुणपणापासून बागेतली फवारणी त्यांनी मजुरांवर न सोडता स्वतः केलेली. गेली काही वर्षे मधुमेह आहे. त्यासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी चालू आहे, आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसोबत लघवी वाढवणारे औषध असलेली दुसरी गोळी आहे. एरवी प्रकृती ठणठणीत. परंतु मागच्या हंगामात त्यांच्या बरोबरीच्या एका बागायतदाराला कर्करोगाचे निदान झाले आणि तेव्हापासून, इतकी वर्षे जे अंगावर घेतले ते सगळे आत साठून बसले आहे, हा विचार त्यांच्या मनातून जात नाही.

नेमकी याच वेळी त्यांच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर नऊ दिवसांच्या शरीरशुद्धीची कृती आली. पहिले पाच दिवस सकाळी उपाशीपोटी पेलाभर दुधीचा रस, दिवसभर गुळवेलीचा काढा आणि पालक-आवळ्याचा रस, धान्याचा कण नाही. सहाव्या दिवशी संध्याकाळी एप्सम मीठ घातलेले पाणी दोनदा, आणि झोपताना अर्धा पेला ऑलिव्ह तेलात तितकाच लिंबाचा रस. सातव्या दिवशी सकाळी ‘यकृतातले खडे’ पडतात असा दावा आहे, आणि पुरावा म्हणून ताटलीत मांडलेल्या वाटाण्याएवढ्या हिरव्या खड्यांची छायाचित्रे सोबत आहेत. उरलेले दोन दिवस एरंडेल.

नानांनी हे नवरात्रात करायचे ठरवले आहे. नवरात्राचे उपवास ते दर वर्षी करतातच, तेव्हा भगर-साबुदाण्याऐवजी रस घेतला तर बिघडले कुठे, या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही. सासूबाईंचे म्हणणे असे की लहानपणी घरातल्या सगळ्या मुलांना वर्षातून एकदा एरंडेल मिळायचे आणि त्याने कोणाचे वाईट झाले नाही. यातले काय निरुपद्रवी आहे, काय खरोखर धोक्याचे आहे, आणि फवारणीच्या औषधांबद्दलची त्यांची भीती कितपत खरी आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. नुसते ‘करू देऊ नका’ असे सांगून ते ऐकणार नाहीत.

उत्तर – पंचवटीतला औषधवाला

ताई, एकतीस वर्षे औषधाच्या दुकानात उभा आहे, त्यामुळे आधी गोळ्यांचे सांगतो, कारण मला सर्वात मोठा धोका तिथेच दिसतो. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. माणूस जेवला आहे की नाही याची ती चौकशी करत नाही. धान्य पूर्ण बंद करून ही गोळी नेहमीच्या मात्रेत चालू ठेवली, तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, भ्रम आणि प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते. नवरात्रात भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, दूध असे काही ना काही पोटात जात असते. भुईमूग आणि भगर मिळून ते पुरेसे भक्कम जेवणच होते. नानांच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की तो उपवास आणि हा उपवास एक नव्हे. (ज्यांना डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू आहे, त्यांनी तर असा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नये, साखर फारशी वाढलेली नसतानाही त्यांच्या रक्तात कीटोन साचून आम्लता वाढण्याचा धोका असतो.)

दुसरी बाजू रक्तदाबाच्या गोळीची. एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, ते आतड्यात पाणी ओढून जुलाब करवते. नानांना लघवी वाढवणारे औषध आधीच चालू आहे, त्यात हे जुलाब आणि वरून दोन दिवस एरंडेल. म्हणजे पाणी आणि क्षार तिन्ही बाजूंनी बाहेर. अशा कोरड्या पडलेल्या शरीरात टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन दोन्ही मूत्रपिंडाला जड जाऊ शकतात, आणि मूत्रपिंड आधीच थकलेले असेल तर मॅग्नेशियमही रक्तात साचते. म्हणून काहीही करण्याआधी क्रिॲटिनिन आणि सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या.

आता ते हिरवे खडे. मित्रांना पटवण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी एका चाळीस वर्षांच्या बाईची हकीकत दिली होती. तिने ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस घेऊन असेच खडे पाडले होते आणि ते जपून ठेवून डॉक्टरांकडे आणले. प्रयोगशाळेत पाहिले तर पित्ताच्या खऱ्या खड्यांत सापडणारे त्यांत काहीच नव्हते, ना कोलेस्टेरॉल, ना बिलिरुबिन, ना कॅल्शियम. चाळीस अंश तापमानाला दहा मिनिटांत ते वितळून हिरवट तेल झाले. म्हणजे प्यायलेले तेलच आतड्यात साबणासारखे घट्ट होऊन बाहेर पडले होते. त्या डॉक्टरांनी ऑलिव्ह तेलातले मुख्य आम्ल आणि लिंबाचा रस यांत थोडा अल्कली घालून तसेच गोळे भांड्यात तयार करून दाखवले. तिचे पित्ताशयातले खरे खडे जागेवरच होते, ते पुढे शस्त्रक्रियेने काढावे लागले. ताटलीतल्या त्या छायाचित्रांकडे नानांना पुन्हा एकदा नीट पाहायला सांगा.

आणि दुधी. सकाळी पेलाभर रस काढण्यापूर्वी कच्च्या दुधीचा छोटा तुकडा चाखून पाहावा आणि कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्यावा, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने काही वर्षांपूर्वीच सांगितले आहे. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची द्रव्ये असतात. त्यांनी रक्ताच्या उलट्या, जुलाब आणि रक्तदाब कोसळणे इतपत मजल जाते, त्यावर उतारा नाही आणि माणसे दगावलेली आहेत. भाजीत कडू दुधी आपण पहिल्या घासाला थुंकतो. रस मात्र ‘औषध कडूच असते’ म्हणून नाक दाबून पितो. घात तिथेच होतो.

उत्तर – गोदाकाठ

मी अशीच सात दिवसांची रसशुद्धी मागच्या वर्षी केली. साडेतीन किलो वजन उतरले, पोट हलके वाटले, झोप चांगली लागली. मला कोणताही त्रास झाला नाही. सगळेच थोतांड आहे असे अनुभव नसलेल्यांनी म्हणू नये.

उत्तर – पंचवटीतला औषधवाला

हलके वाटले असेल, त्यात खोटे काही नाही. सात दिवस वडापाव, चहा-बिस्किटे आणि रात्री अकराचे जेवण बंद झाल्यावर कोणालाही हलकेच वाटेल. वजनाचे म्हणाल तर पहिल्या काही दिवसांत जे उतरते त्यात यकृत आणि स्नायूंतील साठवलेली साखर असते आणि तिच्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. जेवण सुरू झाले की ते परत येते. शिवाय आपले वय किती आणि कोणत्या गोळ्या चालू होत्या, हे आपण लिहिलेले नाही.

उत्तर – एक वैद्य (कॉलेज रोड)

मी आयुर्वेदाची पदवीधर असून पंचकर्म करते, म्हणून ‘शरीरशुद्धी’ या शब्दाबद्दल थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते. विरेचनासाठी (औषध देऊन जुलाब करवण्यासाठी) शरद ऋतू योग्य मानला आहे, त्यामुळे नवरात्राचा मुहूर्त निवडणाऱ्याने कुठेतरी काहीतरी वाचलेले दिसते. मात्र पुढचे सगळे त्याने गाळले आहे. विरेचनापूर्वी स्नेहन (तूप-तेल देणे) आणि स्वेदन (शेक देऊन घाम आणणे) करावे लागते. रुग्णाचे बल, अग्नी, वय आणि व्याधी पाहून द्रव्य व मात्रा ठरवतात, जुलाबाचे वेग किती येतात ते मोजतात, आणि नंतर पेया (पातळ पेज), विलेपी (घट्ट पेज) अशा क्रमाने काही दिवस हळूहळू जेवणावर आणतात. दुर्बल किंवा अयोग्य रुग्णाला ते करूच नये, असेही शास्त्रात स्पष्ट आहे. एप्सम मीठ आणि ऑलिव्ह तेल यांचा आयुर्वेदाशी काही संबंध नाही, आणि व्हॉट्सॲपवरच्या संदेशात त्यांच्या शेजारी गुळवेल ठेवल्याने तो जुळतही नाही.

सासूबाईंचे एरंडेलाचे म्हणणे मी खोडणार नाही. वर्षातून एकदा, निरोगी मुलाला, चमचा-दोन चमचे, आणि दिवसभर आजीची नजर त्याच्यावर. नंतर मऊ भात आणि तूप. त्रेसष्ट वर्षांच्या मधुमेही माणसाने पाच दिवस उपाशी राहून, एकदा जुलाब झाल्यावर पुन्हा सलग दोन दिवस ते घेणे ही वेगळी गोष्ट आहे.

गुळवेलीविषयी लिहिताना मला थोडे अवघड वाटते, कारण मी ती वापरते. तरीही सांगते. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीचा काढा घेतलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि घेतलेली वनस्पती नेमकी गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, याची खात्री त्यात केलेली नाही असे म्हटले. वाद काहीही असो, कुंपणावरून तोडून आणलेली वेल दिवसभर काढा करून पिणाऱ्याला तो फरक ओळखता येणार नाही, आणि ज्यांना यकृताचा आजार किंवा स्वप्रतिकारक व्याधी आहे त्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये, असे माझे मत आहे. पालक-आवळ्याच्या रसाचेही तेच. पालकात ऑक्झलेट (मूत्रपिंडात साचू शकणारे एक द्रव्य) भरपूर असते, आवळ्यातल्या क जीवनसत्त्वाचाही काही भाग शरीरात ऑक्झलेट बनतो, आणि असे रस दिवसेंदिवस पिऊन मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. जेवणात पालकाची भाजी खावी; त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

उत्तर – दिंडोरीचा बागायतदार

नानांच्या भीतीला कोणी हात घातलेला नाही, आणि खरे दुखणे तेच आहे. मीही त्यातूनच गेलो आहे. आमच्या कृषी पदवीधर मुलाने आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी मला जे समजावले ते लिहितो.

सगळी औषधे शरीरात एकसारखी साठत नाहीत. डीडीटीसारखी जुनी औषधे चरबीत वर्षानुवर्षे राहतात हे खरे आहे. पण तीसुद्धा रस पिऊन निघत नाहीत. उलट उपाशी राहून चरबी झपाट्याने घटवली की ती चरबीतून सुटून रक्तात वाढतात, असे अभ्यासांत आढळले आहे. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके मात्र यकृत मोडते आणि ती काही तासांत किंवा दिवसांत लघवीवाटे जातात. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातले दीड लिटरच्या आसपास लघवी म्हणून टाकतात. दुधीच्या पेल्याने त्यात काय भर पडणार? या औषधांची खरी विषबाधा झाली तर बाहुल्या बारीक होतात, लाळ आणि घाम सुटतो, छाती घरघरते, आणि तिथे ॲट्रोपिन आणि पामची इंजेक्शने लागतात, तीही रुग्णालयात. आमच्या भावकीतल्या एकाला अशा वेळी ताक पाजत बसल्याने तासभर वाया गेला होता, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

नानांना शुद्धी करायचीच असेल तर ती हातापासून करावी. फवारणीचे औषध शरीरात जाते ते प्रामुख्याने कातडीतून. ब्लोअर थांबवायचा, त्याच ओल्या हाताने तंबाखू आणि चुना मळायचा, आणि घरी येऊन तेच कपडे अंगणात नातवंडांच्या कपड्यांशेजारी वाळत टाकायचे, हे आपण सगळ्यांनी केले आहे. नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, वाऱ्याची दिशा, काम संपताच साबणाने आंघोळ आणि कपडे वेगळे धुणे, एवढे केले तरी आत जाणारे पुष्कळ कमी होते.

गोडी छाटणी (द्राक्षाची फळांसाठीची छाटणी) तोंडावर आली आहे, म्हणून आणखी एक. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावताना, त्याच्या आधी आणि नंतरचे काही दिवस दारूला स्पर्श करू नये. ते द्रव्य दारूचे शरीरातले विघटन अडवते. तोंड लाल होते, छाती धडधडते, धाप लागते. नाना घेत नसतील, पण पेस्ट लावणारे मजूर संध्याकाळी घेतात, त्यांना हे कोणी सांगत नाही.

आत किती गेले आहे याची धास्तीच असेल तर रक्तातील कोलिनेस्टरेज ही तपासणी होते. हंगामापूर्वी एकदा करून ठेवावी आणि फवारणीच्या दिवसांत पुन्हा करून ताडून पाहावी. एकटा आकडा फारसे सांगत नाही. ती ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांपुरतीच आहे, बुरशीनाशकांचे तिच्यातून काही कळत नाही.

प्रश्नकर्ती – द्राक्षवाल्यांची सून

सर्वांचे आभार. ही सगळी उत्तरे मी नानांना रविवारी ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवली. औषधांच्या भागाला ते गप्प होते. खडे चाळीस अंशांना वितळतात हे ऐकून मात्र त्यांनी दोनदा परत वाचायला लावले आणि तेवढाच भाग गटावर टाकायला सांगितला. गटावर अद्याप कोणी उत्तर दिलेले नाही.

क्रिॲटिनिन १.५ आले, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आधीपासूनच होता आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या बदलून दिल्या आहेत. नवरात्रात भगर आणि आमटी खाऊन उपवास करायला त्यांची हरकत नाही, मात्र रोज दोनदा साखर पाहून. कोलिनेस्टरेजसाठी रक्त दिले आहे, हातमोज्यांच्या दोन जोड्या आणल्या आहेत, आणि दिंडोरीच्या दादांचे पेस्ट आणि दारूविषयीचे म्हणणे नानांनी स्वतः मजुरांच्या मुकादमाला सांगितले.

ऑलिव्ह तेलाची लिटरभर बाटली मात्र आधीच घरात येऊन पडली होती. सासूबाईंनी काल ती थालीपिठाला लावून पाहिली; वास कोणालाच आवडला नाही.