मदत हवी आहे : प्रचाराच्या पत्रकांवर अकरावीचा तास

नमस्कार मंडळी. मी परभणीकडं अकरावीला राज्यशास्त्र शिकवते. प्रचारातल्या क्लृप्त्या मुलांना दाखवायच्यात. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये प्रचाराचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली होती, तिनं अशा सात क्लृप्त्या सांगितल्या. बऱ्याचशा आमच्या गल्लीतच सापडल्या!

रिक्षाच्या भोंग्यावर "अख्खा तालुका आमच्यासंगं", म्हणजे सगळे तिकडं, तुम्हीही चला. पत्रकावर उमेदवार बैलगाडीत, कासरा धरलाय असा की पोरं खो खो हसली. पण म्हणणं काय, तर 'मी तुमच्यातलाच'. कोपऱ्यात संतांचा फोटो, म्हणजे त्यांची पुण्याई फुकटात.

अडतंय ते सोयीचं तेवढंच सांगण्यापाशी. रस्त्याचा फोटो खरा, आकडे खरे, फक्त टँकरचा विषय गाळलेला. एकही वाक्य खोटं नाही, मग गाळलेलं काय ते मुलांना शोधायला कसं लावायचं? कुणी असा तास घेतलाय का?

जुनी पत्रकं असतील तर नावं-चिन्हं झाकून टाका. खाली मुद्रक-प्रकाशकाचं नाव होतं का, तेवढं कळवा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं ते छापावंच लागतं. आणि एकाच पक्षाची नकोत हं, नाहीतर गावात माझीच वरात निघायची.