जलाशय ठेकेदाराला की मच्छीमारांना?

रामबागकर, इंदूर
काल आपल्या चर्चेत एका सदस्यांनी लिहिले की मासे वाढवायचे असतील तर सहकारी संस्थांचा नाद सोडून धरणांचे जलाशय सरळ लिलावात काढावेत, कारण मच्छीमारांजवळ भांडवल नाही आणि दृष्टीही नाही. भांडवलाचे एक वेळ मान्य. दृष्टीबद्दलचे वाक्य मात्र मला रात्रभर टोचत राहिले. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादकडच्या (आताचे नर्मदापुरम) तवा धरणात ज्यांची गावे बुडाली, त्या गोंड-कोरकू कुटुंबांच्या तवा मत्स्य संघाला 1996 साली जलाशयाचा पट्टा, म्हणजे मासेमारीचा करारी हक्क, मिळाला. त्यांनी मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिले, सोडले, 16 जून ते 15 ऑगस्टच्या मासेमारीबंदीत स्वतः पहारा दिला आणि दहा वर्षे हा कारभार नेटाने चालवला. मुदत संपत आलेला ठेकेदार बारीक छिद्रांचे जाळे टाकून पाव किलोचा कतला मासाही उपसून नेतो. पुढच्या वर्षीही ज्याला त्याच पाण्यावर पोट भरायचे आहे, तो असे करीत नाही.

देपालपूरकर
ते वाक्य माझेच आहे. तवाचा पट्टा 2006 नंतर चालू राहिला नाही, हे आपण का गाळले? भांडवलाचे महत्त्व मी स्वतःच्या शेततळ्यात शिकलो आहे. श्रावणात सलग तीन दिवस ढग होते. चौथ्या दिवशी पहाटे गेलो तेव्हा सगळे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडी टाकून हवा घेत होते, आणि ऊन पडेपर्यंत कतला पांढरी पोटे वर करून काठाला लागले होते. पाण्यात हवा खेळवणारा पंप माझ्याजवळ नव्हता. दृष्टी असूनही मी काही करू शकलो नाही.

लोकमान्यनगर
आपण तळ्यात ताजे शेण टाकले असणार. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, आणि ढगाळ दिवसांत शेवाळाकडून त्याची भरपाई होत नाही. हा दोष भांडवलाच्या माथी मारू नका. खरी कीड बियाण्यात आहे. 10 जुलै 1957 रोजी हीरालाल चौधरी यांनी ओडिशात पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले, म्हणून नदीतून बीज गोळा करण्याची सक्ती सुटली. आज कितीतरी बीज केंद्रांत त्याच त्या कुळातल्या नर-माद्या पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या जातात आणि जातींची सरमिसळही होते. मी कतल्याचे पैसे मोजले आणि वर्षाअखेर जाळ्यात रोहू-कतल्याचा संकर आला. बोटभर पिलू हातात घेऊन सामान्य शेतकऱ्याने ते कसे ओळखावे?

देपालपूरकर
शेणखत टाकायला मला मत्स्य खात्याच्याच माणसाने सांगितले होते. किती आणि कोणत्या दिवसांत, हे सांगितले नाही. मेलेले मासे ज्याने स्वतः खड्ड्यात पुरले, त्याला आपण असे सुनवावे हे मला लागले. बीजाबद्दलचे आपले म्हणणे मात्र खरे आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. भुवनेश्वरच्या मत्स्यसंशोधन संस्थेने निवड पद्धतीने वाढवलेला जयंती रोहू आमच्या तालुक्यात मागून मिळत नाही.

रामबागकर
बीजाचा हा विषय तळ्यापेक्षा धरणात जास्त झोंबतो. जलाशयात चार इंची बोटुकलीच, म्हणजे बोटभर वाढलेली पिलेच, सोडावी लागते, नाहीतर पढीन आणि मरळ हे शिकारी मासे तिला गिळून टाकतात. कंत्राटात बोटुकली लिहून प्रत्यक्षात नखाएवढे बीज ओतले, तर पाण्यात गेल्यावर मोजणार कोण? काठावर उभा असलेला संघाचा सभासदच मोजतो. 2006 बद्दल सांगायचे, तर जलाशय वन्यजीवांसाठी राखलेल्या क्षेत्राच्या हद्दीशी निगडित असल्याचा प्रश्न पुढे आला; संघाला मासेमारी जमली नाही म्हणून पट्टा गेला असे नव्हे.

देपालपूरकर
हे कारण मला ठाऊक नव्हते. मग पट्टा संस्थेलाच, तोही दहा वर्षांचा, द्यावा. परंतु बीजाच्या पैशाची सोय आधी हवी आणि प्रत्येक टोपली काठावर सर्वांसमोर मोजली जावी. या दोन अटी मी सोडणार नाही.

लोकमान्यनगर
तिसरी अट घाला: बीज कोणत्या केंद्रातले, हे पावतीवर लिहावे. आणि शेणाबद्दल मी माहिती न घेता बोललो, ते मागे घेतो.