नवीन ऑफिस टाकल्यापासून जुन्या मराठी फाइली बिघडल्या

प्रश्न (टंकन_कोपरा):
विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून नवीन पीसी घेतला. विंडोज 11 आणि नवीन वर्ड. आता तीन भानगडी आहेत. कृतिदेव 010 फाँटमधली जुनी पत्रं उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं दिसत होती. फाँट टाकल्यावर ती वाचता आली, पण नवीन टाइप करताना वाक्याचं पहिलं अक्षर अर्धं पडतं आणि श, ष नीट उमटत नाहीत. शिवाय मंगल फाँटमधला एका पानाचा अर्ज दीड पान झालाय. जुन्या पीसीवर सगळं ठीक होतं. पुन्हा जुनं वर्ड टाकू का?

कळफलक:
जुनं वर्ड टाकायची गरज नाही. फाँटही बिघडलेला नाही, ही ऑटोकरेक्टची, म्हणजे टाइप करतानाच मजकूर आपोआप बदलणाऱ्या वर्डच्या सोयीची, करामत आहे. नवीन ऑफिसमध्ये त्याच्या सगळ्या खुणा परत चालू होतात.

कृतिदेवमध्ये फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट त्यांना मराठी रूप देतो. लहान ‘ई’ म्हणजे म, कॅपिटल ‘ई’ म्हणजे अर्धा म्. तुम्ही ‘मराठी’ टाइप करता, वर्ड पहिलं अक्षर कॅपिटल करतं, की झालं ‘म्राठी’. श आणि ष सरळ अवतरणचिन्हांच्या कळांवर आहेत. वर्ड ती चिन्हं गोलाकार करून टाकतं, आणि त्या जागी फाँटमध्ये भलतंच चित्र असतं.

फाइल → ऑप्शन्स → प्रूफिंग → ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. पहिल्या टॅबवर ‘कॅपिटलाइज फर्स्ट लेटर ऑफ सेंटेन्सेस’, सुरुवातीच्या दोन कॅपिटलांची दुरुस्ती आणि ‘रिप्लेस टेक्स्ट ॲज यू टाइप’ या खुणा काढा. टेबलाच्या खान्यातलं पहिलं अक्षर कॅपिटल करणारी खूण वेगळी आहे, ती लोक हमखास विसरतात. मग ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ टॅबवर स्मार्ट कोट्स (अवतरणचिन्हं गोलाकार करणारी खूण) बंद. जे आधीच चुकीचं टाइप झालंय ते आपोआप सुधरणार नाही, हातानेच करावं लागेल.

अर्धा_र:
मंगलचं कारण निराळं. विंडोज 10 पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फाँट ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ या ऐच्छिक गठ्ठ्यात आहेत. इंग्रजी विंडोज कोरं टाकलं की ते नसतात. मग वर्ड गुपचूप निर्मला हा फाँट वापरतं, त्याची मापं वेगळी, म्हणून पान सरकतं. फाँटच्या खान्यात नाव मात्र मंगलच दिसतं, तिथेच माणूस फसतो. सेटिंग्ज → सिस्टिम → ऑप्शनल फीचर्समधून गठ्ठा घ्या, इंटरनेट लागेल.

कृतिदेव टाकताना राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडा (विंडोज 11 मध्ये ते ‘शो मोअर ऑप्शन्स’खाली सापडेल). नुसतं ‘इन्स्टॉल’ केलं तर फाँट तुमच्या एकट्याच्या खात्यात जातो, आणि पेजमेकरसारख्या जुन्या प्रोग्रॅमना तो दिसत नाही.

टंकन_कोपरा:
ऑटोकरेक्ट बंद केलं, श आला! अर्जही एका पानात बसला. सगळं युनिकोडमध्येच (मंगलसारखं, जिथे थेट मराठी अक्षरंच साठवली जातात) नेलं तर? एक्सेलमध्ये नावांच्या याद्याही आहेत.

कळफलक:
न्याच. कृतिदेवमधली यादी अकारविल्हे लागतच नाही. ‘कमल’चा क ‘डी’ कळेवर, ‘अमल’चा अ ‘व्ही’वर, म्हणून कमल आधी आणि अमल पार खाली. युनिकोडच्या यादीशी व्हीलूकअपही (एका यादीतलं नाव दुसरीत शोधणारं एक्सेलचं सूत्र) जुळणार नाही. पण मूळ फाइलीची प्रत ठेवूनच सुरुवात करा.

अख्खी फाइल कन्व्हर्टरमध्ये (कृतिदेवचं युनिकोड करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ओतू नका, मधले इंग्रजी शब्दही मराठी समजून त्यांचा कचरा होतो. वर्डमध्ये शोधायच्या चौकटीत शब्द न लिहिता फॉरमॅट → फाँटमधून कृतिदेव 010 निवडा, ‘फाइंड इन’मधून सगळे तुकडे एकदम सिलेक्ट होतात. त्यांना रंग द्या आणि तेवढेच बदला. कृतिदेव 010 चा कन्व्हर्टर कृतिदेव 055 ला चालत नाही, कळांची मांडणी वेगळी आहे.

अर्धा_र:
बदलल्यावर पहिली वेलांटी आणि रफार तपासा. कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलट. ‘ऱ्य’ वेगळा शोधून बघा, नाहीतर डोंगरातल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि स्पेलचेकला त्यात काही वावगं वाटत नाही. पुढे इनस्क्रिप्टवर (युनिकोड मराठीच्या कळांच्या मांडणीवर) टाइप करणार असाल तर हा ऱ शिफ्ट आणि ‘जे’वर आहे, मग हलन्तासाठी ‘डी’, मग य.