मार्गदर्शकाचा एच-इंडेक्स : ४१ खरा की २९?

प्रश्न (निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड)
माझी भाची या वर्षी रेणवीय जीवशास्त्रात पीएच.डी. सुरू करणार असून पुण्यातल्याच दोन मार्गदर्शकांपैकी एकाची निवड तिला करायची आहे. पहिल्या प्राध्यापकांचा एच-इंडेक्स (निबंधांची संख्या आणि त्यांना मिळालेली उद्धरणे यांवरून काढलेले माप) गूगल स्कॉलर या शोधसेवेवर ४१ आणि स्कोपस या निबंधसूचीवर २९ दिसतो. दुसऱ्या मार्गदर्शिका वयाने तरुण आहेत आणि त्यांचा दोन्हीकडे १५ च्या आसपास आहे. एकाच माणसाच्या एकाच कामाचे दोन ताळेबंद कसे निघतात, आणि या आकड्यांवर कितपत विसंबावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (ग्रंथपाल)
दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एच-इंडेक्स २९ म्हणजे किमान २९ शोधनिबंधांना प्रत्येकी किमान २९ उद्धरणे (म्हणजे इतरांच्या लेखनात संदर्भ म्हणून उल्लेख) मिळालेली आहेत. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये हे माप सुचवले. स्कोपस निवडक नियतकालिकांतली उद्धरणे मोजते, तर गूगल स्कॉलर प्रबंध, पूर्वप्रती (नियतकालिकात छापण्याआधी खुले केलेले मसुदे), पुस्तके असे जे सापडेल ते सारे मोजते, म्हणून तिथला आकडा बहुधा फुगलेलाच असतो. आपल्याकडे आणखी एक घोळ होतो : आद्याक्षर आणि आडनाव सारखे असलेल्या दोन जोशींचे किंवा तीन कुलकर्णींचे निबंध एकाच खात्यात जमा होतात, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन खात्यांत विभागले जाते. यासाठीच २०१२ पासून ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांक मिळू लागला; दोघांचाही ऑर्किड असल्यास त्यावरून यादी पडताळून पाहावी.

उत्तर २ (निवृत्त संशोधक, पाषाण)
आकडा कोणता खरा यापेक्षा तो कशाने बनला आहे हे पाहावे, असे मी सुचवेन. जगात सर्वाधिक उद्धृत झालेला निबंध लोरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१ चा आहे. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची रीत सांगणाऱ्या त्या निबंधाला तीन लाखांहून अधिक उद्धरणे मिळाली, कारण ती रीत वापरणारा प्रत्येक जण त्याचा उल्लेख करतो. तो थोर निबंध नव्हे, हे लोरींनी स्वतःच मान्य केले होते. स्फटिकरचनेच्या शेलएक्स या संगणकप्रणालीवरचा शेल्ड्रिक यांचा २००८ चा निबंध असाच इतका उद्धृत झाला, की तो छापणाऱ्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या अलीकडच्या निबंधांना सरासरी मिळालेली उद्धरणे) २ च्या आसपासून एकदम ४९ च्या पुढे गेला. त्या नियतकालिकातले बाकीचे निबंध त्या वर्षी काही चोवीस पट चांगले झाले नव्हते! उलट फ्रेडरिक सँगर यांनी तुलनेने मोजकेच लिहिले आणि रसायनशास्त्राचे नोबेल दोनदा मिळवले.

शिवाय एच-इंडेक्स कधी खाली येत नाही. वीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कामाची पुण्याईही त्यात जमा राहते. आपल्या विषयात लेखकांच्या नावांचा क्रमही बोलका असतो : पहिले नाव प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचे, बहुधा विद्यार्थ्याचे, आणि शेवटचे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे. तेव्हा भाचीने गेल्या पाच-सहा वर्षांचे निबंध काढून एवढेच पाहावे, की मार्गदर्शकाचे नाव शेवटी असताना पहिले नाव त्यांच्याच विद्यार्थ्याचे आहे का. तीस लेखकांच्या यादीत मधेच कुठेतरी असलेले नाव इंडेक्स वाढवते, पण विद्यार्थ्याच्या वाट्याला त्यातून काही येत नाही.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. काल भाचीसोबत बसून दोन्ही याद्या तपासल्या. ४१ वाल्या प्राध्यापकांचे अलीकडचे बरेचसे निबंध मोठ्या गटांसोबतचे आणि त्यांचे नाव मधे असलेले निघाले. तरुण मार्गदर्शिकांच्या यादीत निबंध थोडे, पण बहुतेकांत पहिले नाव विद्यार्थ्याचे आहे. एका निबंधात मात्र पहिल्या दोन नावांवर तारका आहे. त्याचा अर्थ काय घ्यायचा?

उत्तर ३ (पीएच.डी. विद्यार्थिनी, औंध)
काका, पहिल्या पानाच्या तळाशी टीप असेल ती पाहा. दोघांचा वाटा सारखा असल्याचे तिथे लिहिले असेल, तर दोघेही प्रथम लेखक धरले जातात. काही नियतकालिकांत मात्र तारका केवळ पत्रव्यवहार कोणाशी करायचा एवढेच दाखवते. भाचीने त्या दोघांपैकी एखाद्याला ई-मेल करून प्रयोगशाळेत पहिला निबंध निघायला किती वर्षे लागली हे विचारावे. मी प्रवेशाआधी तसेच विचारले होते आणि उत्तर दुसऱ्याच दिवशी आले होते.