मदत हवी आहे: डेबियन 13 लिनक्सवर /टीएमपी (तात्पुरत्या फायलींचं फोल्डर) भरतंय, डिस्क मात्र मोकळी
नमस्कार मंडळी. डेबियन 12 वरून 13 वर अपग्रेड केलेलं मशीन, रॅम 4 जीबी. मोठी फाइल सॉर्ट करताना 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' (जागा उरली नाही) येतं, कारण सॉर्ट आपल्या तात्पुरत्या फायली /टीएमपीत ठेवतं, आणि डिस्कवर 60 जीबी मोकळे! 'डीएफ -एच' (जागा दाखवणारी कमांड) मध्ये /टीएमपी समोर टीएमपीएफएस (रॅममधली फाइल सिस्टिम), 1.9 जी. म्हणजे 13 पासून /टीएमपी रॅममध्ये गेलं, तेही निम्म्या रॅमपुरतंच.

'सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट' (रॅममधलं /टीएमपी जोडणंच बंद) आणि रीबूट, की ते परत डिस्कवर. हे ठाऊक आहे. पण एका सॉर्टपायी तसं करणं जिवावर येतंय. सॉर्टला कॅपिटल टी (-T, तात्पुरत्या फायलींची जागा सांगणारा पर्याय) लावून डिस्कवरचं /व्हार/टीएमपी दिलं तर भागेल ना?

दुसरं, डिस्कवरच्या जुन्या /टीएमपीतल्या फायली आता त्याच जागी जोडलेल्या (माउंट झालेल्या) रॅममधल्या /टीएमपीखाली झाकल्या गेल्यात, जागा अडवून बसल्यात. रूट फोल्डरचं (/) बाइंड माउंट /एमएनटीवर करून (म्हणजे तेच फोल्डर तिथेही दिसेल असं जोडून), चालू मशीनवरच तिथून उडवल्या तर काही धोका?