'अंदाजाने घाल' म्हणजे नेमकं किती? घरच्या मोठ्यांकडून शिकलेल्या कामांचे अनुभव

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला लेकीचा फोन आला. दोन आठवड्यांची साय साठवून तिने पहिल्यांदाच घरी लोणी काढलं होतं आणि ते आता गॅसवर होतं. "आई, तूप झालंय हे कळतं कसं?" मी म्हटलं, फोन पातेल्याजवळ धर. ऐकलं तर जोरात तडतड चालू होती. "अजून पाणी आहे त्यात, थांब." सात-आठ मिनिटांनी आवाज बसला, मागे बारीक चुरचुर उरली. "आता बंद कर, आणि पातेलं खाली उतरव. तापलेल्या पातेल्यात बेरी रंग धरत राहते."

हे मला सासूबाईंनी शिकवलं. मोतीबिंदूमुळे त्यांना फार दिसत नसे. शेगडीकडे पाठ करून पाटावर बसायच्या, लसूण सोलत, आणि तिथूनच म्हणायच्या, "झालं गं." लोण्यात पाणी आहे तोवर ते बोलतं, पाणी उडालं की गप्प होतं, आणि मग तळाची बेरी तांबूस व्हायला लागते. लोणी पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं हेही त्यांचंच. ताक राहिलं तर बेरी वाढते आणि लवकर करपते.

तर मला तुमच्याकडून कृती नकोत, त्या सगळीकडे मिळतात. 'अंदाजाने' या शब्दाच्या आत काय होतं ते लिहा. कोणी शिकवलं, कसं सांगितलं, हाताला कधी आलं. स्वयंपाकघरापुरतंच असायला हवं असं अजिबात नाही.

बार्शीहून

आमच्याकडे भाकरी. मला आत्याने शिकवली, काठवटीत. पहिला धडा थापण्याचा नव्हताच, पिठाचा होता. पीठ मळून गोळा दाबायचा आणि कडा बघायच्या. कडा फाटल्या तर पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली. मग कितीही थापा, भाकरी मोडणारच. म्हणून आमच्याकडे दळण आठ-दहा दिवसांचंच असायचं, गिरणी कितीही लांब असली तरी. विरी गेलीच असेल तर उकळतं पाणी पिठात ओतायचं, झाकायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की तळव्याच्या टाचेने रगडून मळायचं. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो, तो गरम पाण्याने आणावा लागतो.

आत्या हे शिकली 1972 च्या दुष्काळात. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची. त्या ज्वारीच्या भाकरीचे थापतानाच तुकडे व्हायचे. माझी आजी सगळंच पीठ उकळत्या पाण्यात घालायची आणि मळायला आत्याला बसवायची. आत्या तेव्हा अकरा वर्षांची. ती सांगते, "हात भाजायचे, पण भाकरी अख्खी उतरली की आईचा चेहरा बघण्यासारखा असायचा." ताटात मोडकी भाकरी वाढणं आजीच्या जिवाला लागायचं, दुष्काळातसुद्धा.

दुसरं, तव्यावरचं पाणी. भाकरी टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पुरतं सुकायच्या आत, ओल दिसतेय तोवर उलटायची. सुकू दिली तर भेगा पडतात आणि पापुद्रा सुटत नाही. मला हे जमायला दोन वर्षं लागली. आत्या शेजारी उभी राहायची आणि फक्त "आत्ता" म्हणायची. एक दिवस तिच्या "आत्ता"च्या आधीच माझा हात गेला. ती काही बोलली नाही, दुसऱ्या कामाला निघून गेली. तेव्हापासून भाकऱ्या माझ्याकडे.

कुडाळहून

आमसुलं. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून गर आणि बिया एका भांड्यात, साली वेगळ्या. गराला मीठ लावलं की रस सुटतो. साली वाळवायच्या, त्या रसात बुडवायच्या, परत वाळवायच्या, परत बुडवायच्या. माझी आई पाच-सहा पुटं द्यायची. शेवटचं वाळवण कुठे थांबवायचं हा खरा प्रश्न. आई म्हणे, दाबल्यावर बोटाला ओल लागता नये आणि वाकवल्यावर मोडता नये. जास्त वाळलं तर कडक होतं, कमी वाळलं तर पावसात बुरशी धरते. सगळं मृगाच्या आधी आटपायचं, त्यामुळे मे महिन्यात आकाशात ढग दिसला की आई खळ्यात धावायची. आम्हा मुलांना आवाज द्यायचीही गरज पडत नसे, तिच्या पावलांवरून कळायचं.

उरलेल्या बियांचं कोकमतेल निघतं. ते गोठतं, त्याची वडी असते. थंडीत टाचा भेगाळल्या की वडी दिव्यावर धरून पातळ करून रात्री लावायची. मी आजही तेच लावतो.

पुण्याहून

तुपाबद्दल: आमच्याकडे शेवटी विड्याचं पान टाकतात. पान कुरकुरीत झालं की गॅस बंद. ज्यांना आवाजाचा अंदाज नाही त्यांनी पानावर भरवसा ठेवावा.

आणि लोणच्याच्या बरणीबद्दल एक. माझी मोठी काकू बरणी धुऊन उन्हात दिवसभर ठेवायची, मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्या धुरावर बरणी पालथी धरायची. फोडणीचं तेल पूर्ण गार झाल्याशिवाय ओतायचं नाही आणि तेल फोडींच्या वर आलंच पाहिजे. बरणीच्या तोंडावर दादरा, म्हणजे फडकं, बांधायचा. तिच्या बरणीला तिच्याशिवाय कोणी हात लावायचं नाही. तेव्हा राग यायचा. स्वतः एकदा ओल्या चमच्यामुळे पाच किलो कैरीचं लोणचं टाकून दिलं, तेव्हा काकूची खूप आठवण आली.

संगमनेरहून

कुरडया लिहिल्याच पाहिजेत. गहू तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलायचं. दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर यायला हवं, तरच वाटायचे. चीक गाळून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं, हलवायचं नाही. मग जितका चीक तितकंच पाणी उकळायला. मीठ, हिंग. एकीने चीक ओतायचा आणि दुसरीने लाटण्याने सतत हाटायचं, एका माणसाचं हे काम नव्हेच. गुठळी झाली की ती सोऱ्यात अडकते. चीक शिजला कसा ओळखायचा? आमच्या मोठ्या जाऊबाई सांगायच्या, पांढरेपणा जाऊन काचेसारखा दिसला पाहिजे, आणि ओल्या बोटाने शिवलं तर बोटाला चिकटता कामा नये.

पहाटे चारला चूल पेटायची, कारण ऊन तापायच्या आत घालून व्हायला हव्यात. गल्लीत पाळ्या ठरलेल्या: आज आमची गच्ची, उद्या शेजारी. मी लग्न होऊन आले तेव्हा या गल्लीत एकाही बाईला ओळखत नव्हते. कुरडयांच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात सगळ्या ओळखीच्या झाल्या. सोऱ्या फिरवता फिरवता कोणाच्या घरात काय दुखतंय ते कळायचं. गरम चीक तूप-साखर घालून वाटीत मिळायचा, तो खायला मुलं पहाटे आपणहून उठायची. आता आम्ही तिघीच उरलोय, तरी दरवर्षी एक दिवस ठरवतो.

साताऱ्याहून

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? मला आजीने वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला शिकवली. तिची नजर कमी झाली तेव्हा मी सातवीत होतो. शाळेतून आलो की दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या, म्हणजे दुपारभर तिचं अडत नसे. एकदा म्हणाली, ओवतोयस तर दोन टाके घाल.

वर-खाली तिची जुनी लुगडी, मध्ये धोतरं, सदरे, परकर, शिवणी उसवून सपाट केलेले. आधी लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे, नाहीतर आत कापड गोळा होतं. मग कडेने धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात आत आत जात मध्यावर संपवायचं. टाका केवढा? तिने माझी करंगळी धरून वरचं पेर दाखवलं. "याच्या निम्मा." दोरा किती ओढायचा? "कापडाला मुंगी चावल्यासारखं दिसलं पाहिजे, चिमटा काढल्यासारखं नाही." हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं.

त्या वाकळेत आजोबांचा एक निळ्या रेघांचा सदरा आहे. वरून दिसत नाही, पण कुठल्या कोपऱ्यात आहे ते मला माहीत आहे. मुलगी झाली तेव्हा तिला पहिल्यांदा त्याच कोपऱ्यावर निजवलं.

नाशिकहून

सगळं वाचून डोळे भरून आले, पण मला दुसरीही बाजू लिहायची आहे. मी वाती वळायला शिकले ती रडत. एका नातेवाईक बाईंचा लाख वातींचा संकल्प होता आणि चातुर्मासात रोज शाळेतून आल्यावर मला बसवलं जायचं. बोटाला दुधाचा थेंब लावायचा, कापूस तळहातावर फिरवायचा. भाऊ अंगणात क्रिकेट खेळायचा, त्याला कोणी हाक मारली नाही. 'मुलीच्या जातीला यायला हवं' हे ऐकतच मी मोठी झाले, आणि त्यामुळे कितीतरी चांगल्या गोष्टी मुद्दाम शिकले नाही. आज त्याचं वाईट वाटतं. आजीची रफू करण्याची हातोटी होती, उभे-आडवे धागे असे विणायची की भोक कुठे होतं ते सापडायचं नाही. ती तिच्याबरोबर गेली.

माझ्या मुलाला मी सहावीत बटण लावायला शिकवलं. बटण कापडाला घट्ट चिकटवायचं नाही, खाली काडी ठेवून शिवायचं, काडी काढून दोऱ्याचे तीन-चार वेढे द्यायचे, म्हणजे काज्यात बसायला जागा राहते. एवढं एक मला आजीकडून आलंय. तो वसतिगृहात मित्रांची बटणं लावून देतो.

एडिंबराहून

मला मदत हवी आहे. कोल्हापूरची आजी म्हणायची, दुधात करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले की विरजण लाव. मी तेच करते, पण इथे हिवाळ्यात दही लागतच नाही. सकाळी दूध तसंच. आजीला विचारायची सोय आता नाही.

इंदूरहून

दहा आकडे बरोबर आहेत, पण ते कोल्हापूरच्या स्वयंपाकघरातले. दूध साधारण 40 अंशांना लावलंस तरी तुझ्या ओट्यावर ते तासाभरात गार होतं, आणि विरजणातल्या जिवाणूंना ऊब कितीतरी तास लागते. आमच्याकडे डिसेंबरात आई दह्याचं भांडं रुमालात गुंडाळून कणकेच्या डब्यात पुरून ठेवायची. पीठ ऊब धरून ठेवतं. तू ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेव. विरजण फ्रीजमधून काढून थेट घालू नकोस, आधी चमचाभर कोमट दुधात फेटून घे. आणि मधे उघडून हलवून बघू नकोस. माझी आई म्हणायची, झोपलेल्या बाळाला आणि लागत्या दह्याला हलवू नये.

फोंड्याहून

आमच्या गोव्यात पावसाळ्याच्या बेगमीला पुरुमेत म्हणतात, शब्द पोर्तुगीजांकडून आला. मडगावला मे महिन्यात पुरुमेताचं फेस्त भरतं. सुकी मासळी, सोलां (आमसुलं), मिरच्या, कांद्याच्या माळा, सगळं तिथे मिळतं. आजी मात्र चिंच घरचीच करायची. बिया आणि शिरा काढायच्या, खडेमीठ घालून कुटायची आणि गोळे करून ऊन द्यायचं. गोळा हातात घट्ट दाबून सोडला की आकार तसाच राहिला पाहिजे. तीच चिंच वर्षभर कालवणालाही आणि समया घासायलाही.

लातूरहून

थोडक्यात: तूरडाळीला एरंडेल तेल. किती? दोन्ही तळहात चोळून चकाकतील एवढंच, मग डाळीतून हात फिरवायचे. डाळ ओली दिसली तर जास्त झालं. गव्हाच्या कोठीत कडुनिंबाचा पाला, पण सावलीत पूर्ण सुकवलेला. ओलसर पाला घातला तर तोच गहू खराब करतो. आजोबांनी सांगितलेलं.

ठाण्याहून

माझ्याकडे अनुभव अपुरा आहे, तोच लिहिते. आईचा गोडा मसाला. ती मे महिन्यात करायची तेव्हा मी नेहमी परीक्षेत, नोकरीत किंवा माहेरी एकच दिवस आलेली. चार वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या वहीत मसाल्याच्या पानावर धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर, शहाजिरे, तमालपत्र, लवंग, दालचिनी, मसाला वेलची, सगळ्यांची मापं आहेत. खाली एक ओळ: 'नेहमीप्रमाणे भाजणे.'

मावशीला विचारून दोन गोष्टी कळल्या. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, आणि खोबरं मोडलं की टक्कन आवाज यायला हवा, नुसतं वाकलं तर आत ओल आहे. तरीही माझ्या मसाल्याला दरवेळी किंचित कडवट मागचव येते. आईच्या मसाल्याची शेवटची दोन चमचे पूड मी काचेच्या बाटलीत ठेवली आहे. वास आता जवळजवळ गेलाय. कोणाला काही सुचत असेल तर सांगा.

धागा काढणारी

ठाण्याच्या ताई, बहुतेक दगडफूल करपत असेल. ते अगदी हलकं असतं, धन्यांच्या आचेवर टिकत नाही. सासूबाई सगळं भाजून झाल्यावर गॅस बंद करून तापल्या कढईत ते टाकायच्या, दोन-चार थेंब तेल, आणि हातानेच उलटसुलट करायच्या. फुललं की लगेच ताटात. आधी दगडफूल नीट निवडा, त्यात झाडाच्या सालीचे तुकडे असतात. एकदा असं पावशेराचंच करून बघा, आणि बाटलीतली ती पूड समोर ठेवून वास घ्या.